कॅरव्हॅन सांगितली, कारवान आली

माझ्या आयुष्यातले बरेचसे घोटाळे फोनवर झाले. समोरासमोर मी तसा बरा माणूस आहे. समोरच्याचा चेहरा बदलला की आपण काहीतरी भलतं बोललो एवढं तरी कळतं. फोनवर ती सोय नाही.

रांजणगावला एका कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. शिरूरला घर आणि पाळीपाळीनं शिफ्ट. बायकोचं माहेर वडगाव रासाई. आमच्या उभ्या संसारात शिरूरहून वडगाव रासाई आणि वडगाव रासाईहून शिरूर एवढाच तिचा प्रवास झाला, कारण सुट्टीच्या दिवशी मी झोपलेला असायचो. रिटायर झाल्यावर मी ठरवलं, हिला आता सगळं दाखवायचं. मोबाइलवर परदेशातली जोडपी बघितली होती. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, जिथं वाटेल तिथं मुक्काम. असली गाडी आपल्याकडं जुनी कुठं मिळेल हे विचारायला मी मेहुण्याला फोन लावला. तो वडगावातच असतो, आणि ट्रॅक्टरपासून म्हशीपर्यंत कुणाचं काय विकायचंय याची त्याला खबर असते.

"आमच्यासाठी एक कॅरव्हॅन बघा," मी म्हणालो. 'घर असलेली गाडी' म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रिटायर झालेल्या माणसाला इंग्रजी शब्दाची फार हौस येते.

पलीकडं उसाचा ट्रॅक्टर चालला होता आणि त्यावर गाणी लावलेली होती.

"कारवान व्हय? तुमाला?" मेहुणा म्हणाला. "आक्काला इचारलं का?"

"तिच्यासाठीच तर घेतोय. तिला सांगू नका."

"मंग लांब कशाला जायचं? आपल्या आप्पांकडंच हाय. जोडी हाय."

आप्पा म्हणजे बायकोचे चुलते. अर्धी हयात मेंढरांमागं गेली, आता ऊस आणि म्हशी. त्यांच्याकडं कॅरव्हॅन, आणि तीही जोडीनं? मला जरा चमकल्यासारखं झालं. पण हल्ली गावाकडं कुणाच्या दारात काय उभं असेल सांगता येत नाही.

"फार जुनी नाही ना?"

"तिसरं वरीस चाललंय."

"पळते कशी?"

"दाजी, गेली एवढंच कळतं. कुठं गेली ते मागनं इचारायचं."

"आणि खाते किती?" मी डिझेलचं विचारत होतो.

"भाकरी, दूध. कवातरी अंडं."

मी हसलो. मेहुणा विनोदी आहे असा माझा जुना समज आहे.

"बरं, आत माणसं किती झोपतील?"

बराच वेळ नुसती ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली.

"कशाच्या आत?"

"तिच्या."

"दाजी," तो फार जपून म्हणाला, "तुमी रविवारी या. सोता बघा."

रविवारी मी बायकोला नुसतं माहेरी जायचंय म्हणून घेऊन गेलो. पिशवीत झेंडूचा हार, नारळ आणि मेजरटेप होती. नवी गाडी घ्यायची म्हणजे हार-नारळ हवा, आणि आत पलंग बसतो का हे बघायला टेप. आप्पांच्या दारात उसाच्या पाचटाच्या ढिगावर दोन कुत्री पसरली होती. एक तांबडी कुत्री आणि एक करडा कुत्रा. लांबट तोंडं, काठीसारखे पाय, आणि कमरेच्या जागी देवानं काही बसवलेलंच नव्हतं. गाडी कुठं दिसेना.

"कुठंय?" मी मेहुण्याला हळूच विचारलं.

"काय?"

"कॅरव्हॅन."

"ही काय," तो म्हणाला आणि कुत्र्यांकडं बोट केलं.

आपल्याकडच्या धनगरांची, रानातल्या माणसांची ही जुनी जात. शहरातले लोक ज्याला ग्रेहाउंड म्हणतात, त्याच कुळातली. तिला कारवान म्हणतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात आप्पांनी माझ्या हातातला हार बघितला. मग नारळ बघितला. मग टेप.

"आरं, ह्ये बघा," आप्पा घरातल्यांना म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "आजवर लय जणांनी आपली कुत्री न्हेली. पर हार-नारळ घिऊन कुणी आलं न्हाई. आन् उंची मोजायला टेप बी आनली. जावईबापू जाणकार हायेत."

यानंतर 'मला गाडी हवी होती' हे वाक्य कुठल्या तोंडानं म्हणायचं? मेहुण्यानं माझ्या हातातला हार काढून घेतला आणि अर्धा अर्धा करून दोघांच्या गळ्यात घातला. करड्यानं त्यातलं एक फूल खाल्लं. मी नारळ फोडला. काय चाललंय ते बायकोला कळत नव्हतं, आणि ते मलाही कळत नाही हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात तांबडी उठली, चालत बायकोकडं गेली आणि तिच्या मांडीला अंग टेकवून उभी राहिली. आपण भिंतीला टेकून उभे राहतो ना, तशी. बायको पडता पडता राहिली. तिनं तांबडीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. चहा आला, चहा गार झाला, हात काही निघेना.

"नेऊ या," ती मला म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिलो. लग्न झाल्यापासून हिनं 'मला हे पाहिजे' म्हटलेलं मला आठवत नाही. साडीच्या दुकानातसुद्धा ती 'कुठलीही चालेल' म्हणते. मुलगा नोकरीला बंगळुरात गेला तेव्हाही 'जाऊ दे' एवढंच म्हणाली होती. तिला पाहिजे असलेली पहिली वस्तू मी चुकून आणायला आलो होतो.

निघताना आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, एकच सांगतो. ह्ये पळायचं जनावर हाय. पळालं न्हाई तर आतल्या आत वाळतं. ज्या दिशी मला कळंल का ही पळत न्हाईत, त्या दिशी येऊन घिऊन जाणार. तवा पाव्हणंपणा बघायचो न्हाई."

"पळतील की," मी म्हणालो. मेहुण्यानं फोनवर सांगितलेलं मला अजून आठवत होतं.

ती पळाली नाहीत.

कुत्री शिरूरला आली आणि झोपली. सकाळी फिरायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत जात, माझ्याकडं बघत आणि मागं फिरत. पळणं ही त्यांची नोकरी असावी आणि आमच्याकडं येऊन दोघंही रिटायर झाली असावीत असं मला वाटायला लागलं. मी मैदानात जाऊन टॉवेल ओढत त्यांच्यापुढं पळून बघितलं. दोघं उन्हात बसून माझं पळणं बघत होती. सकाळी चालायला येणारे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "वहिनी, साहेबांना चांगली सवय लावली कुत्र्यांनी."

दर आठवड्याला आप्पांचा फोन यायचा. "पोरी, पळत्यात ना?" आणि खोटं कधीही न बोलणारी माझी बायको तांबडीच्या कानामागं खाजवत म्हणायची, "पळत्यात की आप्पा. लय पळत्यात."

दरम्यान गाडीही आली. आमच्याच कंपनीची जुनी मिनीबस मोडीत निघणार होती, ती मी घेतली. तिच्यात मी नोकरीची निम्मी वर्षं झोपून काढलेली, म्हणजे ती माझ्या दृष्टीनं आधीपासूनच बेडरूम होती. बाकडी काढली, पलंग बसवला, शेगडी बसवली, मागं पाण्याची टाकी लावली. एक छोटं बाथरूमही केलं होतं, पण त्याचं दार पलंगाला अडून हात जाईल एवढंच उघडत होतं. त्यात आम्ही बाजरीचं पीठ ठेवतो. सगळं झाल्यावर गाडीचं दार उघडलं आणि मी बायकोला म्हणालो, "या राणीसरकार." राणीसरकारांच्या आधी तांबडी चढली, तिच्यामागं करडा, आणि दोघं पलंगावर आडवी झाली. तेव्हापासून आम्ही खालच्या चटईवर झोपतो.

थंडी सुरू झाली तशी दोघं कुडकुडायला लागली. अंगावर ना चरबी ना केस. बायकोनं माझे कंपनीतले निळे शर्ट काढले आणि कापून दोघांना कोट शिवले. खिसा आणि बटणं तशीच ठेवली. मला कंपनीत शेवटपर्यंत बढती मिळाली नाही, पण वर्दी तरी पुढच्या पिढीकडं गेली.

मग आमचं हिंडणं सुरू झालं. निघोजला कुकडीच्या पात्रात काळ्या खडकाचे मोठमोठे रांजणखळगे आहेत, ते बघायला गेलो. बायको काठाशी वाकून आत फिरणारं पाणी बघत राहिली. एवढ्या जवळ असं काही आहे हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, म्हणाली. मी सांगणार होतो की मला माहीत होतं, पण मग 'नेलं का नाही' हे आलं असतं. करडा तापलेल्या खडकावर पोट लावून झोपला. बघायला आलेले लोक खळगे सोडून त्याचा फोटो काढायला लागले. मोराच्या चिंचोलीला गेलो तर मोर ओरडल्याबरोबर दोघं पलंगाखाली शिरली आणि गाडी गावाबाहेर पडेपर्यंत बाहेर आली नाहीत.

पेडगावचा किल्ला बघायला दौंडहून पुढं गेलो त्या दिवशी तर कहर झाला. भीमेच्या काठी गाडी लावून मी बाहेर खुर्ची टाकली होती. पांढरी गाडी, बाजूला निळ्या कोटातली दोन कुत्री, आणि गळ्यात चष्मा अडकवलेला मी. एक म्हातारी शेळीला ओढत घेऊन आली.

"डाक्टर, हिचं पोट फुगलंय."

"आजी, मी डॉक्टर नाही. ही कॅरव्हॅन आहे."

"व्हय, ती दिसत्यातच की," म्हातारी कुत्र्यांकडं बघत म्हणाली. "तुमी शेळीचं बघा."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा मूळ आजार. मी शेळीच्या पोटावर हात ठेवला. शेळीनं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघांनाही पुढं काय ते माहीत नव्हतं. "हिला जरा फिरवा," मी शेवटी म्हणालो. म्हातारीचं समाधान झालं. आतून बायकोचा आवाज आला, "डॉक्टर, पुढचा पेशंट सोडू का?"

ती हसत होती. खिडकीत तांबडीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ते बघून मला आप्पांची अट आठवली. ही कुत्री गेली तर हिच्या खांद्यावरचं काय काय जाईल याचा हिशेब मला लागत नव्हता.

पाटसच्या पुढं वनखात्याचं मोठं माळरान आहे, त्यात चिंकारा हरणं आहेत. हरणं बघू आणि त्याच्या अलीकडच्या गायरानात कुत्र्यांना मोकळं सोडू, असा माझा बेत. एवढं उघडं रान बघून तरी ती पळतील. बायकोनं हे आप्पांना फोनवर सांगितलं. मी तिथंच होतो, पण हे सांगितल्यानं काय होऊ शकतं ते माझ्या डोक्यात आलं नाही.

कारखान्याला चाललेल्या उसाच्या गाड्यांची रांग टाळायला मी आडरस्ता धरला आणि हद्द कुठली, गायरान कुठलं याचा मला पत्ता लागेना. शेवटी बाभळींच्या सावलीत गाडी लावली. बायको चहा टाकायला बसली. टाकीतलं पाणी संपलं होतं म्हणून मी कॅन घेऊन दूर दिसणाऱ्या चौकीकडं चालत गेलो. तिथं लिंबाखाली वनरक्षक बसले होते. चांगला माणूस. स्वतः कॅन भरून आणला.

"कशानं आलात?" त्यांनी विचारलं.

"कॅरव्हॅन घेऊन आलोय," मी म्हणालो. जरा छाती काढूनच.

त्यांनी कॅन खाली ठेवला. "कुठंय?"

"तिकडं बाभळीखाली. मोकळीच ठेवलीय, जरा हवा लागावी म्हणून."

"मोकळी?"

"इथं कसली भीती? मोकळं रान आहे. म्हटलं, आज जरा पळवून बघावी."

"पळते का?"

"तशी जुनी आहे, पण उतारावर कुणाला ऐकणार नाही."

ते आता उभे राहिले होते. मला वाटलं, माणसाला गाड्यांची आवड दिसते.

"याच्या आधी कुठं कुठं नेली?"

"मोराच्या चिंचोलीला नेली ना. मोर झाले. म्हटलं आता हरणं तेवढी राहिलीत."

"चला," ते म्हणाले आणि मोटरसायकलची किल्ली काढली. "दाखवा तुमची कारवान."

"चला की, चहा घेऊ," मी म्हणालो आणि आनंदानं त्यांच्या मागं बसलो. स्वतःच्या अटकेला एवढ्या उत्साहानं निघालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असणार.

गाडीपाशी आलो. त्यांनी आत डोकं घातलं. पलंगावर करडा चारही पाय वर करून झोपला होता, त्याच्या शेजारी तांबडी. दोघांच्या अंगावर कंपनीची वर्दी. वनरक्षकांनी एकदा कुत्र्यांकडं बघितलं, एकदा शेगडीकडं, एकदा माझ्याकडं.

"ही कारवान आहेत," ते म्हणाले.

"हो. म्हणजे नाही. कॅरव्हॅन ही," मी बसच्या पत्र्यावर हात मारला. "आत कारवान आहेत."

"शिकारीची कुत्री घेऊन हद्दीत आलात आणि तोंडानं सांगताय हरणं राहिलीत. मला वर कळवावं लागेल. कुत्री जप्त होतील."

बायकोच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. "शिकार?" ती म्हणाली. "ही? ह्यांना उठवून जेवायला घालावं लागतं, साहेब."

वनरक्षक जरा नरमले असावेत, कारण करड्यानं त्याच वेळी झोपेत एक लांब उसासा टाकला. आणखी थोडं बोलणं झालं असतं तर ते गेलेही असते. पण धुराळा उडवत एक पिकअप आली. तिच्यातून मेहुणा उतरला आणि त्याच्यामागं आप्पा. खास कुत्री पळताना बघायला आले होते, आणि माळावर आमची पांढरी गाडी त्यांना लांबूनच दिसली होती.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, हे म्हणतायत ही शिकारीची आहेत," मी घाईघाईनं म्हणालो. "सांगा यांना, नाहीत म्हणून."

"न्हाईत?" आप्पांना ते लागलं. "न्हाईत कशी? आवो साहेब, ह्यांच्या आज्यानं एका दमात..."

मेहुण्याला एवढा मोठा खोकला आला की आज्यानं काय केलं ते माळावरच राहिलं.

"पण ही पळत नाहीत, साहेब," मी म्हणालो. "बिलकूल पळत नाहीत."

हे बोललो आणि आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. "पळत न्हाईत?"

"पळतात की," मी म्हणालो.

वनरक्षकांनी माझ्याकडं बघितलं. "पळतात?"

कंपनीत एकदा दोन साहेबांनी मला एकाच वेळी एकच मशीन चालू करायला आणि बंद करायला सांगितलं होतं. तेव्हा मी संडासात जाऊन बसलो होतो. इथं संडासात बाजरीचं पीठ होतं.

"सोड त्यांना," आप्पा बायकोला म्हणाले. "आत्ता बघतो. न्हाई पळाली तर न्हेतो मी."

"आणि हरणाच्या मागं पळाली तर मी नेतो," वनरक्षक म्हणाले. लांबवर खुरट्या गवतात खरंच दोन हरणं उभी होती. मी इतके दिवस ज्यांना बघायला म्हणून निघालो होतो त्यांच्याकडं आता मला बघवेना.

बायकोनं दोघांना खाली उतरवलं. तांबडीच्या गळ्याभोवतीचा तिचा हात शेवटपर्यंत निघत नव्हता, मग निघाला. दोघांनी आळस दिला. करड्यानं पिकअपच्या चाकावर पाय वर केला. तांबडी माझ्याकडं आली आणि मला टेकून उभी राहिली. मी मनात देवाकडं काय मागावं याचा विचार करत होतो, कारण काहीही मागितलं तरी अडचणच होती.

तेवढ्यात वाऱ्यानं आमच्या शेगडीजवळची पावाची रिकामी पिशवी उचलली आणि माळावर नेली.

करडा गेला. मेहुण्यानं फोनवर सांगितलं होतं ते खरंच होतं. गेला एवढंच कळलं. त्याच्यामागं तांबडी. इतके महिने ज्यांना आम्ही उशा समजत होतो ती दोघं जमिनीला न टेकता चालली होती. निळ्या कोटांच्या बाह्या फडफडत होत्या, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकत होता आणि सरळ होत होता. हरणं उधळली. वनरक्षक पुढं धावले. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी बायकोकडं बघितलं तर तिनं डोळे मिटले होते.

पिशवी डावीकडं वळली. कुत्री डावीकडं वळली. हरणं उजवीकडं निघून गेली, त्यांच्याकडं दोघांनी ढुंकूनही बघितलं नाही. तांबडीनं पिशवी हवेतच धरली, मोठा वळसा घालून परत आली, गाडीत चढली आणि पिशवी उशीवर ठेवून तिच्याशेजारी आडवी झाली. मागोमाग करडा.

वनरक्षक चालत परत आले.

"कचरा गोळा करतात," वनरक्षक शेवटी म्हणाले. धावल्यामुळं त्यांना दम लागला होता. "येणाऱ्या माणसांना शिकवा म्हणावं." मग त्यांनी आम्हाला हद्द नेमकी कुठून कुठं ते दाखवलं, गळ्यात पट्टा घातल्याशिवाय या बाजूला यायचं नाही असं बजावलं, आमचा चहा घेतला आणि गेले.

राहिले आप्पा.

"पळाली की, आप्पा," मी म्हणालो.

"पळाली." आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "पर प्लास्टिकमागं. हरणं म्होरं दिसत असताना. आमच्या खानदानातल्या कुत्र्यांनी पावाची पिशवी धरली, ह्ये मला मरायच्या आधी बघायला लागलं." ते पिकअपकडं वळले. "काढ त्यांना भाईर. न्हेतो मी. हितं ऱ्हाऊन बाद झाली."

मला वाटलं, आता बायको रडेल. किंवा भांडेल. मी तिच्या बाजूनं बोलायला वाक्य जुळवत होतो, आणि ती म्हणाली, "न्या, आप्पा. तुमचीच हायेत."

ती आत गेली आणि सामान काढायला लागली. दोन थाळ्या, गोधडी, जादा कोट.

"ही तांबडीची थाळी. अदलाबदल झाली तर ती जेवत न्हाई. थाळी ईटावर ठेवायची, तिला मान खाली घालून खाता येत न्हाई. करड्याची भाकरी कुस्करायची, पर लय बारीक न्हाई. दूध कोमट लागतं. गोधडी आधी त्याच्यावर टाकायची, मंग तिच्यावर. आधी तिच्यावर टाकली तर तो रुसतो."

"बरं," आप्पा म्हणाले.

"कुकरची शिट्टी तिला सोसत न्हाई. शिट्टी व्हायच्या आधी तिला भाईर न्यायचं आन् तिच्याशी बोलत ऱ्हायचं. काय बी बोला, पर थांबायचं न्हाई. त्याला एकट्याला झोप येत न्हाई, कुणाचा तरी पाय लागला पायजे. पाय उजवा पायजे."

"उजवा कशापायी?"

"डावा लागला तर उठतो. आन् शनवारी अंडं, पर उकडलेलं, आन् पिवळं तिला, पांढरं त्याला..."

"पोरी," आप्पांनी हात वर केला. त्यांच्या एका हातात दोन थाळ्या होत्या आणि कुठली कुणाची हे ते बघत होते. "थांब. मला माझ्या गोळ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत. सकाळची संध्याकाळी खातो."

"मी परत सांगते की, आप्पा. सावकाश सांगते. ही तांबडीची थाळी..."

आप्पांनी थाळ्या तिच्या हातात परत दिल्या. पलंगावरच्या दोघांकडं बघितलं, मग मला म्हणाले, "जावईबापू, कोटाची बटनं तेवढी काढा. पळताना टोचत असत्याल." आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. मेहुण्यानं जाताना मला डोळा मारला. का मारला ते मला अजून कळलेलं नाही.

सामान आत टाकून आम्ही निघालो. गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग म्हणालो, "मुद्दाम केलंस ना?"

"काय?"

"ते सगळं सांगणं."

"नको का सांगायला?" ती म्हणाली. "त्यांना कसं कळणार?"

"पण कुकर तर आपण परवा गाडीतच लावला होता. तांबडी शेगडीला टेकून झोपली होती."

"शिट्टी झाली होती का?"

मी आठवायला लागलो. आमटी शिजली होती, म्हणजे झाली असणार. की आमटी नुसत्या पातेल्यात केली होती? आणि उजवा पाय? रोज रात्री करडा माझ्याच पायाला चिकटलेला असतो, पण तो कुठला पाय, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तांबडीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. चेहऱ्यावरून काही कळेना. समोरासमोर कळतं असं मी कशाच्या जोरावर म्हणतो कोण जाणे.

शिरूरला जायला चौफुल्याकडं जायला हवं होतं. दौंडचा रेल्वे पूल दिसला तेव्हा कळलं की मी भलतीकडंच वळलो होतो. तिच्या ते कधीच लक्षात आलं असणार. पण ती काही बोलली नाही, आणि मीही गाडी वळवली नाही.